सफारी (केनियातील सामुदायिक संवर्धनक्षेत्रे)

आफ्रिकेतील मोकळ्या रानात वन्यप्राणी पाहण्यासाठी केलेला अनेक दिवसांचा मुक्कामी प्रवास म्हणजे सफारी. महाराष्ट्रात ताडोबा किंवा पेंच येथे प्रवेशद्वारातून आत जाऊन तीन-चार तासांत परतणाऱ्या फेरीला हा शब्द लावतात. पूर्व आफ्रिकेत अशा फेरीला ‘गेम ड्राइव्ह’ म्हणतात आणि सफारी या शब्दात मुक्कामासह सगळा प्रवास येतो. प्रस्तुत नोंदीत केनियातील मसाई मारा परिसरातील महागड्या सफारी आणि त्यांच्या उत्पन्नावर चालणारी, स्थानिक जमीनमालकांची संवर्धनक्षेत्रे (तेथील रूढ शब्द ‘कॉन्झर्व्हन्सी’) यांचा मुख्यतः विचार केला आहे.

व्युत्पत्ती : ‘सफारी’ हा पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेचा शब्द असून त्याचा अर्थ ‘प्रवास’ एवढाच आहे. मोंबासाहून नैरोबीला बसने जाणे हीसुद्धा स्वाहिलीत सफारीच, आणि निघणाऱ्याला ‘सफारी न्जेमा’ (प्रवास सुखाचा होवो) असे म्हणून निरोप देतात. स्वाहिलीत तो अरबीतून आला आणि मूळ अरबी धातू सीन-फे-रे या वर्णांचा आहे, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते शब्दाच्या शेवटी येणाऱ्या इकाराविषयी. काही कोशकार हा शब्द अरबीतील ‘प्रवासासंबंधीचा’ या अर्थाच्या विशेषणरूपापासून आला असे मानतात. इतरांच्या मते तो ‘सफर’ या नामापासूनच आला आणि शेवटचा स्वर स्वाहिलीने जोडला. स्वाहिली शब्द सामान्यतः स्वरान्त असतात, त्यामुळे व्यंजनान्त अरबी शब्द घेताना ती भाषा शेवटी एखादा स्वर लावते : ‘किताब’चे ‘किताबू’ होते, आणि मासा या अर्थाच्या ‘समक’चे ‘समाकी’ होते. ‘समक-समाकी’ या जोडीशेजारी ‘सफर-सफारी’ ही जोडी ठेवली असता दुसरे मत अधिक सरळ वाटते.

मराठीतील ‘सफर’ त्याच अरबी शब्दापासून, पण फार्सीच्या वाटेने आलेला आहे. हिजरी कालगणनेतील ‘सफर’ महिन्याचे नाव मात्र वेगळे : त्याच्या आरंभी सीन नसून साद हा वर्ण आहे, आणि देवनागरीत हा भेद पुसला जातो. ‘मुसाफिर’ व स्वाहिली ‘म्सफिरी’ (प्रवासी) यांचे साम्यही थोडे फसवे आहे. ‘म्सफिरी’चे अनेकवचन ‘वसफिरी’ असे होते, म्हणजे हा शब्द ‘सफिरी’ (प्रवास करणे) या क्रियापदाला स्वाहिली ज्यात मोडते त्या बांटू भाषाकुळातील व्यक्तिवाचक उपसर्ग लागून सिद्ध झाला असावा. अरबी रूप जसेच्या तसे उचलले असण्याची शक्यता त्या मानाने कमी आहे.

इंग्रजीत हा शब्द १८५० च्या दशकाच्या अखेरीस आला असे साधारणपणे मानतात आणि त्याचे श्रेय इंग्रज शोधक-प्रवासी रिचर्ड बर्टनला देण्याचा प्रघात आहे. १८५७–५८ मध्ये जॉन स्पीकसह टांगानिका सरोवरापर्यंत गेलेला बर्टन त्यापूर्वी मुंबई इलाख्याच्या सैन्यात होता आणि तेथे त्याने मराठीची परीक्षाही दिली होती. त्यामुळे पूर्व आफ्रिकेतील झांझिबारच्या किनाऱ्यावर कानी पडलेला हा शब्द त्याला अनोळखी वाटला नसणार. मात्र किनाऱ्यावर वावरणारे व्यापारी व मिशनरी तो बर्टनच्या आधीपासून ऐकत व बोलत असले पाहिजेत. म्हणून बर्टनला शब्दाचा प्रवर्तक म्हणण्यापेक्षा प्रसारक म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल.

तांड्यांचा काळ : एकोणिसाव्या शतकातील सफारी म्हणजे माणसांच्या डोक्यावरून ओझी नेणारा तांडा. त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या ‘नगाना’ रोगाने बैल व घोडे दगावत, त्यामुळे किनाऱ्यावरून आत जाणारा माल सुमारे तीस किलोच्या गाठोड्यांत बांधून हमालांच्या डोक्यावर दिला जाई. या तांड्यांच्या इतिहासात महाराष्ट्राचा एक धागा आहे आणि मराठीत त्याची दखल फारच कमी घेतली गेली आहे. गुलामवाहू जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे आश्रयस्थान चालवले होते. तेथे शिकलेल्या तरुणांना पूर्व आफ्रिकेत ‘नाशिकची मुले’ हेच नाव पडले. त्यांतले काही १८६६ मध्ये स्कॉटिश मिशनरी व शोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत होते. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यानंतर त्याचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत आणि पुढे लंडनपर्यंत शवपेटीसोबत जाणाऱ्यांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता. बर्टन व स्पीक यांच्यापासून हेन्री स्टॅन्लीपर्यंत अनेक शोधक-प्रवाशांच्या तांड्यांना वाट दाखवणारा सिदी मुबारक बॉम्बे हा याओ जमातीचा माणूसही बालपणी गुलाम म्हणून पश्चिम भारतात आणला गेला होता. सफारीचा इतिहास प्रवाशांच्या नावांनी लिहिला गेला आहे. ती प्रत्यक्षात चालवली ती या लोकांनी.

शिकारीकडून पाहण्याकडे : मोंबासापासून निघालेला युगांडा रेल्वेमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला आणि त्यासाठी तीस हजारांहून अधिक मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, नेण्यात आले. या मार्गामुळे धनिक शिकाऱ्यांना अंतर्भाग खुला झाला. १९०९–१० मध्ये अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेसाठी केलेल्या सफारीत त्याने व त्याच्या मुलाने मिळून ५१२ प्राणी मारले. खास तंबू, आचारी, संध्याकाळचे गरम पाणी आणि रानात मांडलेले जेवणाचे टेबल हा आजच्या आलिशान सफारीचा सगळा थाट त्या काळातला आहे. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदूक गेली, थाट राहिला.

या बंदीचा जमीनमालकांवर झालेला परिणाम सफारीच्या वर्णनांत क्वचितच येतो. केनियात वन्यप्राणी राज्याच्या मालकीचे आहेत. शेतकऱ्याच्या किंवा गुराख्याच्या जमिनीवर ते चरले, त्याची गाय सिंहाने मारली, तरी त्यांच्यापासून उत्पन्न मिळवण्याचा पर्यटनाखेरीज कोणताही मार्ग त्याच्याकडे उरला नाही. देशातील सुमारे ६५ टक्के वन्यप्राणी राष्ट्रीय उद्याने व राखीव क्षेत्रे यांच्या बाहेर वावरतात हे लक्षात घेता हा प्रश्न किती मोठा आहे ते कळते. १९७७ ते २०१६ या काळातील हवाई मोजणीच्या आधारे केलेल्या अभ्यासात केनियाच्या कुरणप्रदेशातील वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

मारा व मसाई भूमी : ‘मारा’ या, गुरे पाळणाऱ्या मसाई समाजाच्या मा भाषेतील शब्दाचा अर्थ ‘ठिपकेदार’ असा सांगतात, सपाट गवतावर विखुरलेली झाडे-झुडपे आणि ढगांच्या सावल्या यांवरून हे नाव पडले असावे. ब्रिटिशांशी झालेल्या १९०४ व १९११ च्या करारांनी मसाईंना त्यांच्या उत्तम कुरणांतून अखेर दक्षिणेकडे हलवण्यात आले. १९६१ मध्ये मारा येथे अभयारण्य स्थापन झाले. त्याचा पुढे विस्तार झाला आणि आजचे राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौ. किमी. आहे. त्याचे उत्पन्न नारोक जिल्हा प्रशासनाकडे जाते. दरवर्षी साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात शेजारच्या टांझानियातील सेरेंगेटीतून येणारे विल्डबीस्टचे (बैलासारखे दिसणारे एक हरिण) कळप (एकूण संख्या तेरा लाखांच्या आसपास) हे येथील मुख्य आकर्षण होय.

राखीव क्षेत्राच्या सीमेवर कुंपण नाही. उत्तरेकडील व पूर्वेकडील जमीन १९६८ च्या कायद्यानुसार ‘ग्रुप रँच’ म्हणून मसाई गटांच्या सामाईक नावावर होती. पर्यटनाचा वाटा गटाच्या समितीकडे येई आणि तो बऱ्याचदा मोजक्या घरांतच अडकून पडे, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. पुढे या सामाईक जमिनींची वाटणी होऊन कुटुंबप्रमुखांच्या नावे स्वतंत्र पट्टे (मालकीहक्काचे दाखले) झाले. ज्याच्या हाती पट्टा आला त्याला जमीन विकता, गव्हासाठी खंडाने देता किंवा कुंपण घालता येऊ लागले.

संवर्धनक्षेत्रांची रचना : अनेक शेजारी पट्टेदारांनी आपापल्या जमिनी न विकता, कुंपण न घालता, एकत्र करून सफारी-तळ चालवणाऱ्या कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायच्या, हा या व्यवस्थेचा गाभा. ओलारे ओरोक (आताचे ओलारे मोटोरोगी) हे क्षेत्र २००६ मध्ये, मारा नॉर्थ २००९ मध्ये आणि नाबोईशो २०१० च्या सुमारास स्थापन झाले. ‘नाबोईशो’ या मा शब्दाचा अर्थ ‘एकत्र येणे’ असा आहे. हे क्षेत्र सुमारे २०,००० हेक्टरांचे असून त्यात पाचशेच्या आसपास जमीनमालक सहभागी आहेत. २०१३ च्या वन्यजीव कायद्याने संवर्धनक्षेत्रांना कायदेशीर मान्यता दिली.

भाडे एकराच्या हिशेबाने ठरते आणि पर्यटक कमी आले किंवा जास्त आले तरी दरमहा ठरलेली रक्कम थेट पट्टेदाराच्या बँक खात्यात किंवा मोबाइलवर जमा होते. पूर्वीच्या पद्धतीत प्रवेशशुल्काचा वाटा मिळे आणि हंगाम बुडाला की वाटाही बुडे. ती जोखीम आता बऱ्याच अंशी कंपनीकडे गेली. कंपनी ती पेलते ती थोड्या पाहुण्यांकडून जास्त पैसे घेऊन. काही क्षेत्रांत ७०० एकरांमागे एक तंबू आणि एका तळावर बारापेक्षा अधिक तंबू नाहीत असा दंडक आहे. सफारीचा दर इतका चढा का, याचे उत्तर चादरी-गालिच्यांपेक्षा या दंडकात अधिक आहे. पाहुण्याला मिळते ती मुख्यतः मोकळी जागा, आणि ती जागा मोकळी ठेवण्याचे भाडे तो भरतो.

राखीव क्षेत्रात एखाद्या चित्त्याभोवती हंगामात वाहनांची रांग लागते. संवर्धनक्षेत्रात मोजकीच वाहने थांबू शकतात. राखीव क्षेत्रात मनाई असलेल्या रात्रीच्या फेऱ्या व मार्गदर्शकासोबतची पायी भटकंतीही येथे करता येते. दिवस पहाटे सहाच्या सुमारास सुरू होतो. बहुधा जवळच्याच वस्तीतला मसाई मार्गदर्शक गाडी बंद करून आधी कान देतो : इम्पाला हरणाची फुत्कारासारखी इशाऱ्याची हाक, सगळ्या झेब्र्यांच्या एकाच दिशेला वळलेल्या माना, एका झाडावर उतरणारी गिधाडे यांवरून तो सिंह कोठे असेल याचा अंदाज बांधतो. नंतर गाडीच्या बॉनेटवर थर्मासमधला चहा मांडला जातो. अंधार पडल्यावर मात्र पाहुण्याला एकट्याने तंबूपर्यंत जाता येत नाही; कंदील किंवा विजेरी घेतलेला ‘अस्करी’ (पहारेकरी) सोबत येतो, कारण तळालाही कुंपण नसते.

मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणासाठी नाबोईशोच्या परिसरात कोइयाकी येथे २००५ मध्ये शाळा सुरू झाली. देशपातळीवर मार्गदर्शकांच्या संघटनेच्या कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा तीन श्रेणींच्या परीक्षा असतात. सुवर्ण श्रेणीपर्यंत फार थोडे पोहोचतात.

गुरे आणि गवत : मसाईंचे धन म्हणजे गुरे. आरंभी काही क्षेत्रांत गुरांना जवळजवळ पूर्ण बंदी होती आणि आत शिरलेल्या गुरांच्या मालकाला दंड होई, त्यातून कटुता वाढली. नंतर पाळीपाळीने चराई देण्याची पद्धत रुळली : क्षेत्राचे भाग पाडायचे, एकात गुरे सोडायची, दुसऱ्यातले गवत वाढू द्यायचे, दुष्काळात राखलेले भाग खुले करायचे. आखूड चरलेल्या हिरव्या गवतावर विल्डबीस्ट व गॅझेल हरणे ओढीने येतात, त्यामुळे नियंत्रित चराई ही प्राण्यांनाही सोयीची ठरते, असे मानणाऱ्यांची संख्या वाढत आहे. रात्री गुरे ‘बोमा’त (काटेरी कुंपणाचा गोठा) कोंडतात. काट्यांऐवजी मजबूत जाळी बसवलेल्या बोमात सिंह व तरस शिरू शकत नाहीत, आणि गाय वाचली की सूडापोटी सिंहाला विष घालण्याचे कारणही उरत नाही.

लाभ व मतभेद : अशा सफारींच्या माहितीपत्रकांत शाळेला भेट, दवाखान्याला देणगी, स्त्रियांच्या मणिकामाची खरेदी यांना ठळक जागा असते. या गोष्टी उपयोगी आहेतच. तरीही समाजाला होणाऱ्या लाभाचे खरे मोजमाप भाडेपट्ट्यावरून करावे, हे मत अधिक ग्राह्य दिसते : देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर असते, भाडे हा मालकाचा हक्क असतो.

पट्टेच बहुतांश पुरुषांच्या नावे असल्याने भाड्याचा पैसा घरातील स्त्रीच्या हाती येईलच असे नाही. वाटणीत ज्यांना जमीन मिळाली नाही त्यांना तर भाडे नाहीच, उलट पूर्वीची चराई गेली. २०२० मध्ये करोनाच्या साथीने पर्यटन थांबले तेव्हा अनेक क्षेत्रांत भाड्याची रक्कम कमी करावी लागली आणि एकाच उत्पन्नावर विसंबण्यातला धोका उघड झाला. माराच्या भोवती कुंपणे वाढत आहेत. लोइटा मैदानातून येणाऱ्या विल्डबीस्टच्या लहान स्थलांतराची वाट त्यांनी अडवली आहे. राखीव क्षेत्राने २०२४ पासून परदेशी प्रौढांचे दैनिक शुल्क जुलै ते डिसेंबर या काळासाठी २०० डॉलरवर नेले. ते भाडेपट्ट्याच्या उत्पन्नापासून वेगळे आहे.

इतरत्र : केनियाच्या लाइकिपिया भागातील इल न्ग्वेसी येथे १९९६ पासून मसाई समाजाच्या मालकीचे अतिथिगृह आहे. नामिबियाने १९९६ च्या कायदेदुरुस्तीने सामुदायिक जमिनींवरील संवर्धनक्षेत्रांना वन्यप्राण्यांविषयी मर्यादित हक्क दिले, त्यात शिकारीचाही समावेश आहे. रवांडात २०१७ पासून गोरिला पाहण्याचा परवाना १,५०० डॉलरचा असून उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नाचा दहा टक्के वाटा परिसरातील वस्त्यांसाठी ठेवला जातो. टांझानियात लोलिओंदो येथे २०२२ मध्ये सुमारे १,५०० चौ. किमी. जमिनीच्या सीमांकनावरून मसाई व शासन यांच्यात संघर्ष झाला. उत्तर केनियात २००४ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्दर्न रेंजलँड्स ट्रस्ट या संस्थेच्या पुढाकाराने उभी राहिलेली दोन क्षेत्रे पुरेशा लोकसहभागाविना स्थापन झाल्याचा निर्णय इसिओलो येथील न्यायालयाने २०२५ च्या आरंभी दिला. तेथील जमीन मारासारखी पट्ट्यांत वाटलेली नसून सामाईक आहे, त्यामुळे संमती कोणाची आणि ती कशी घ्यायची हा प्रश्न तेथे अधिक अवघड झाला आहे.