तेल व वायू उद्योगाची प्रादेशिक संघटना

एका तेलक्षेत्रात किंवा लगतच्या काही राज्यांत खनिज तेल व नैसर्गिक वायू शोधणाऱ्या, काढणाऱ्या, वाहून नेणाऱ्या आणि शुद्ध करणाऱ्या कंपन्यांनी वर्गणी काढून चालवलेली, नफा न वाटणारी संस्था. ती स्वतः विहीर खणत नाही, तेल विकत नाही आणि तेलाचा भावही ठरवत नाही. १९६० साली बगदादमध्ये स्थापन झालेल्या ‘ओपेक’शी तिची अनेकदा गल्लत होते. ओपेकचे सभासद देश आहेत. इथे सभासद कंपन्या असतात आणि सरकार टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेले असते.

अशा संघटनेचा ‘प्रदेश’ बहुधा भूगर्भ ठरवतो, नकाशावरची हद्द नव्हे. टेक्सस व न्यू मेक्सिको या दोन राज्यांखाली पसरलेल्या पर्मियन खोऱ्याची संघटना मिडलँडमध्ये आहे. काही वेळा बाजारपेठ प्रदेश ठरवते : १९०७ पासून काम करणारी वेस्टर्न स्टेट्स पेट्रोलियम असोसिएशन कॅलिफोर्निया, ॲरिझोना, नेव्हाडा, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या पाच राज्यांसाठी बोलते, मग त्यांतल्या एखाद्या राज्यात तेल निघो वा न निघो. कॅनडातील न्यूफाउंडलंडची गोष्ट तर उलटीच आहे. तिथे माल व सेवा पुरवणाऱ्या स्थानिक व्यावसायिकांनी १९७७ मध्ये संघटना काढली; हायबर्निया क्षेत्राचा शोध १९७९ चा आणि तिथले पहिले तेल १९९७ चे. तेलाआधी संघटना जन्मली, कारण काम बाहेरच्यांच्या हाती जाईल ही धास्ती तेलाआधीचीच होती.

संघटनेचा रोजचा गाडा कार्यकारी मंडळ, मोजका पगारी सेवकवर्ग आणि विषयवार समित्या यांच्यावर चालतो. खरे काम समित्यांत होते. तिथे बसणारे अभियंते, वकील, करतज्ज्ञ सभासद कंपन्यांचेच नोकर असतात आणि हे काम नोकरी सांभाळून करतात. उत्पादक कंपन्यांची वर्गणी सामान्यतः उत्पादनाच्या प्रमाणात ठरते. विहिरी खणून देणारे वेधन-कंत्राटदार, पाइप पुरवठादार, कायदा कचेऱ्या असे सहसभासद ठरावीक रक्कम भरतात. त्यांना मताधिकार असतोच असे नाही. मंडळावर छोट्यांसाठी राखीव जागा ठेवल्या, तरी मोठी वर्गणी देणाऱ्याचा शब्द जड ठरतो, हे कुठल्याही घटनेत लिहिलेले नसले तरी सगळ्यांना ठाऊक असते.

छोटे आणि मोठे यांचे हितसंबंध जुळत नाहीत तेव्हा संघटना फुटते. अमेरिकेत १९२९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे तेलसंधारण परिषद भरली. उत्पादनावरील नियंत्रणाच्या चर्चेत आपण भरडले जाऊ असे वाटून स्वतंत्र, म्हणजे बड्या कंपन्यांबाहेरच्या छोट्या, उत्पादकांनी तिथे वेगळी चूल मांडली. परदेशात विहिरी असलेल्या बड्या कंपन्यांना आयात हवी होती, छोट्यांना ती नको होती. १९३२ मध्ये आयात कच्च्या तेलावर बॅरलमागे २१ सेंट कर बसला, हा छोट्यांचा विजय होता. टेक्ससमध्ये आजही एका संघटनेत सर्व प्रकारच्या कंपन्या आणि दुसरीत स्वतंत्र उत्पादक व रॉयल्टीधारक (तेलाच्या उत्पन्नात वाटा असलेले) अशी विभागणी आहे.

एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे लोक एका खोलीत बसतात, त्यामुळे या बैठकांवर स्पर्धा कायद्याची सावली असते. अमेरिकेत तिचे कारण इतिहासात आहे. १८९० च्या मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याखाली १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य तेल कंपनीचे तुकडे झाले. पुढे १९४० च्या सोकोनी-व्हॅक्यूम खटल्यात, बड्या कंपन्यांनी मिळून बाजारातले जादा पेट्रोल उचलून भाव टिकवणे हाही गुन्हाच, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. बाजार कोसळू नये म्हणून हे केले, हा बचाव चालला नाही. म्हणून बैठकीच्या आरंभी स्पर्धा कायद्याचे निवेदन वाचले जाते, विषयपत्रिका आधी लेखी असते आणि पुष्कळदा वकील हजर असतो. भाव, गिऱ्हाईक, बोलीची रक्कम किंवा पुढच्या वर्षी किती विहिरी खणणार, यांपैकी काही निघाले तर सभासदाने हरकत घ्यावी, विषय थांबला नाही तर उठून जावे आणि तशी नोंद करून घ्यावी, असा शिरस्ता आहे. आकडेवारी गोळा करायची असेल तर ती त्रयस्थाकडे जाते आणि कोणाचा आकडा कोणता ते कळणार नाही अशी एकत्र करूनच बाहेर येते. बाहेरच्याला हे कर्मकांड वाटेल. पण ते मोडल्याची किंमत दंड आणि तुरुंग अशी असू शकते.

भाव सोडून उरलेले पुष्कळ काही बोलता येते. सरकारने नव्या नियमाचा मसुदा काढला की समिती तो कलमाकलमाने वाचते. वायूगळती मोजायची तर किती दिवसांनी, कोणत्या यंत्राने, जुन्या विहिरींनाही हे लागू का, अशा हरकती लेखी पाठवल्या जातात. आमदार-खासदारांच्या गाठीभेटी हा या कामाचा उघड भाग. अनेक देशांत त्यावरचा खर्च जाहीर करावा लागतो. करारांचे प्रमाण नमुने, कामगारांचे प्रशिक्षण, वार्षिक परिषद, शाळांतली प्रचारपत्रके हेही चालूच असते. तेलगळती झाल्यास लागणारे, तेल अडवणारे तरते अडसर आणि नौका प्रत्येकाने वेगळ्या घेणे परवडत नाही, म्हणून सामायिक साठे उभे राहतात.

सुरक्षितता हा मात्र वेगळा विषय, कारण तिथे एकाची चूक सर्वांच्या माथी येते. ६ जुलै १९८८ रोजी ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रातील पायपर अल्फा हा तेल काढण्याचा फलाट जळून १६७ माणसे मेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. त्यांतल्या ५७ वर देखरेख नियामकाची होती, ४० तेलक्षेत्र चालवणाऱ्या कंपन्यांच्या वाट्याला आल्या, एक बचाव-नौकांच्या मालकसंघाकडे गेली आणि ८ ‘संपूर्ण उद्योगा’कडे. संपूर्ण उद्योग नावाची कंपनी कुठेच नसते. ती जागा संघटनेलाच भरावी लागते. १९९७ मध्ये तिथल्या संघटनांनी मिळून अपघातांतील इजा निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवून एक वेगळा सुरक्षा उपक्रमही सुरू केला.

नियम लिहिणारा आणि नियम सैल करा म्हणणारा एकच असला तर काय होते, हा प्रश्न मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरीवर २० एप्रिल २०१० रोजी झालेल्या स्फोटानंतर पुढे आला. त्यात ११ कामगार मेले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ही १९१९ ची राष्ट्रीय संस्था. प्रादेशिक संघटना तांत्रिक मानकांसाठी तिच्याकडेच पाहतात. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने २०११ मध्ये ठपका ठेवला, की उद्योगाची वकिली करण्याच्या भूमिकेमुळे सुरक्षा मानके ठरवण्याची तिची क्षमता उणावली आहे. नवी सुरक्षा संस्था तिच्यापासून अलग असावी, असे आयोगाचे मत होते. त्याच वर्षी निघालेले सुरक्षा केंद्र मात्र तिच्याच छत्राखाली निघाले.

हवामान धोरणावरून अलीकडे सभासदांतच फाटाफूट दिसते. संघटनेची भूमिका बहुधा बहुमताने ठरते. न पटणारा सभासद तीच भूमिका आपल्या वर्गणीने पोसत राहतो किंवा बाहेर पडतो. ‘बीपी’ या ब्रिटिश तेल कंपनीने २०२० मध्ये याच मतभेदावरून तीन संघटना सोडल्या, त्यांत वर उल्लेखिलेली पाच राज्यांची संघटनाही होती. पुढच्या वर्षी ‘टोटल’ या फ्रेंच कंपनीने अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे सभासदत्व सोडले. २०२२ मध्ये ब्रिटनच्या संघटनेने आपल्या नावातून ‘ऑइल अँड गॅस’ हे शब्द काढून ‘ऑफशोअर एनर्जीज यूके’ हे नाव घेतले आणि न्यूफाउंडलंडची संघटना ‘एनर्जी एनएल’ झाली.