नळजालातील प्रवाह

नळजालातील प्रवाह : एकमेकांना जोडलेल्या नळांपैकी कोणत्यातून किती पाणी वाहील आणि कुठे किती दाब उरेल, हे ठरवण्याचा द्रायुयामिकीतील (द्रव व वायूंच्या गतीच्या शास्त्रातील) प्रश्न. तो समजायला बडोदे बरे. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी शहराच्या पूर्वेस आजवा येथे बांधवलेल्या सयाजी सरोवराचे पाणी १८९२ पासून उताराच्या जोरावर शहरात आले. अशा योजनेत तलाव आणि शहर यांच्या उंचीतील फरक एवढीच पुंजी असते. तिच्यातून वाटेत घर्षण किती खाते, त्यावर टोकाच्या नळाची धार ठरते.

नळातला प्रवाह संथ, स्तरीय असेल (वेग, व्यास आणि पाण्याची चिकटी यांवरून काढलेला रेनल्ड्झ अंक सुमारे २,००० च्या खाली), तर घर्षणाने जाणारा दाब प्रवाहाच्या सरळ प्रमाणात वाढतो. शहरी नळांत मात्र प्रवाह बहुधा संक्षुब्ध, भोवऱ्यांनी घुसळलेला असतो. तिथे पाणी दुप्पट करा, दाब जवळजवळ चौपट जातो. व्यासाचा हिशेब याहून कडक : तेवढेच पाणी नेताना दाबाची घट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. गंज आणि क्षार साचून व्यास १० टक्क्यांनी घटला, तर घट सुमारे १.७ पट होते, आणि खडबडीतपणा वाढला तो वेगळाच. घट प्रवाहाच्या वर्गाने वाढते याच कारणाने बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्यात पाणी खेचणाऱ्या दोन मोटारी एकदम लागल्या, तर शेजारच्या नळावरचा परिणाम म्हणजे एकेकीच्या परिणामांची नुसती बेरीज नव्हे. समीकरण अरैखिक आहे याचा व्यवहारातला अर्थ हाच.

घर्षणांक, म्हणजे नळात घर्षण किती ते सांगणारा आकडा, काढण्याचे कोलब्रुकचे सूत्र (१९३९) आणखी अवघड. त्यात अज्ञात राशी दोन्ही बाजूंना बसलेली असते, म्हणून अंदाज धरून तो सुधारत जावे लागते. रेनल्ड्झ अंक १,००,०००, सापेक्ष खडबडीतपणा (आतल्या खडबडीची उंची भागिले व्यास) ०.००१ आणि पहिला अंदाज ०.०२ घेतला, तर पुढची उत्तरे ०.०२२३, ०.०२२२ अशी येतात आणि तिथेच थांबतात. इतके झटपट जमणे हे या सूत्राचे सौजन्य. सगळी समीकरणे इतकी गुणी नसतात.

पूर्ण जाळ्यासाठी दोन अटी लागतात. सांध्यावर आले तेवढे पाणी गेले पाहिजे, आणि बंद फेऱ्यातील दाबाच्या घटींची चिन्हांसह बेरीज शून्य व्हायला हवी. पहिली रैखिक, दुसरी नाही. हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये एकेक फेरा घेऊन चूक कमी करत नेण्याची रीत दिली. क्रॉस मूळचे इमारती-पुलांच्या गणितातले, आणि तुळयांसाठी त्यांनी आधी वापरलेली युक्तीही याच जातीची होती. आता संगणक न्यूटनच्या पद्धतीने, म्हणजे वक्राऐवजी त्याची स्पर्शरेषा धरून अंदाज सुधारत, सारे फेरे एकदम सोडवतो.

तरी एक खोच राहते. दोन बाजूंनी पाणी मिळणाऱ्या गल्लीत मधल्या नळाची दिशा दिवसभरात उलटू शकते. दिशा चिन्हाने दाखवतात, पण प्रवाहाचा वर्ग केला की चिन्ह हरवते, म्हणून प्रवाहाला त्याच्याच केवळ मूल्याने (चिन्ह सोडलेल्या किमतीने) गुणतात. पण प्रवाह शून्याला टेकला की या वक्राचा उतारही शून्य होतो आणि न्यूटनची पद्धत अडखळते. मग तेवढ्या तुकड्यापुरता वक्र सोडून सरळ रेषा वापरतात.