गुलाबी कार्डांच्या मागे: गुणकपात आणि पाठीराख्यांचा राग

२६ नोव्हेंबर २०२३, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क. एव्हर्टन विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. सामना सुरू होण्याआधी स्टँडमधून हजारो गुलाबी कार्डं वर झाली. कार्डावर प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेचं, बोधचिन्ह असलेला सिंह आणि त्याच्यासोबत एकच शब्द: ‘करप्ट’. लीगचं संगीत वाजायला लागलं, तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आदल्याच दिवशी मँचेस्टर सिटी-लिव्हरपूल सामना चालू असताना एक छोटं विमान त्याच अर्थाचा फलक शेपटीला बांधून मैदानावर घिरट्या घालून गेलं होतं. एव्हर्टन तो सामना ०-३ असा हरला, पण त्या दिवशी कोणी गोलांबद्दल फारसं बोलत नव्हतं.

कारण नऊ दिवस आधीचं. १७ नोव्हेंबरला एका स्वतंत्र आयोगाने तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल एव्हर्टनचे १० गुण कापले होते. १४ गुणांचे ४ झाले आणि संघ एका दुपारीत चौदाव्या क्रमांकावरून एकोणिसाव्यावर आला. क्लबने पैसे बेहिशोबी उधळले हे पाठीराखेही नाकारत नव्हते. तेव्हाचे मालक फरहाद मोशिरी यांच्या काळातल्या खरेदीला सर्वात जास्त शिव्या त्यांनीच घातल्या होत्या. तरी कार्डावर मोशिरींचं नाव नव्हतं, लीगचा सिंह होता. असं का झालं हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

इंग्लंडमध्ये पैशांच्या गुन्ह्याला नेमकी काय शिक्षा द्यायची, हे बराच काळ कोणी ठरवलेलंच नव्हतं. १९९० साली स्विंडन टाउनने प्ले-ऑफची अंतिम फेरी जिंकून पहिल्या डिव्हिजनमध्ये जागा मिळवली. खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याबद्दल लीगने त्यांना थेट दोन पायऱ्या खाली ढकललं. अपिलात ते एका पायरीवर आलं, म्हणजे स्विंडन होतं तिथेच राहिलं आणि हरलेला संडरलंड वर गेला. १९९४ साली टॉटनहॅमला आधीच्या संचालकांच्या काळातल्या व्यवहारांसाठी ६ लाख पौंड दंड, १२ गुणांची कपात आणि एफए कपमधून हकालपट्टी अशी तिहेरी शिक्षा झाली. अपिलात गुण १२ चे ६ झाले आणि दंड ६ लाखांचा १५ लाख झाला. पुढे लवादात उरलेले ६ गुणही परत आले आणि कपची बंदीही उठली. एकाच प्रकरणात गुण आणि पैसे यांचा असा अदलाबदलीचा बाजार भरला. आजही कुठल्या क्लबवर कारवाई झाली की जुने पाठीराखे पहिल्यांदा हीच दोन उदाहरणं काढतात.

प्रीमियर लीगखालच्या डिव्हिजन चालवणाऱ्या फुटबॉल लीगमध्ये गुणकपातीचा पक्का नियम आला तो २००४ मध्ये. त्याला निमित्त झालं लेस्टर सिटी. नवं स्टेडियम बांधून आणि टीव्हीचा करार कोसळून अडचणीत आलेला हा क्लब ऑक्टोबर २००२ मध्ये ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’मध्ये गेला. म्हणजे देणेकऱ्यांपासून कायद्याचा आडोसा घेऊन कारभार बाहेरच्या प्रशासकाकडे सोपवला. बरंचसं कर्ज झटकलं आणि त्याच हंगामात वरच्या डिव्हिजनमध्ये बढतीही मिळवली. वेळेवर देणी भागवणाऱ्या क्लबांचं डोकं फिरणं साहजिक होतं. मग ठरलं की अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलात की १० गुण गेले. पहिला बळी रेक्सहॅम, डिसेंबर २००४. त्या हंगामात ते खाली गेले ते या १० गुणांमुळेच.

नियम आला की पळवाट येते. मे २००७ मध्ये लीड्स युनायटेड खाली जाणं जवळपास नक्की झाल्यावर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला. गेलेल्या हंगामातून १० गुण गेले, म्हणजे प्रत्यक्षात काहीच गेलं नाही. लीगने त्याच उन्हाळ्यात, नव्या हंगामासाठी, दुसरं कारण धरलं: देणेकऱ्यांशी रीतसर तडजोड न करता बाहेर पडल्याबद्दल वजा १५ वरून सुरुवात. लीड्सने पहिले सातही सामने जिंकले आणि हंगामाअखेर प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तिथे मात्र डॉनकास्टरकडून हरले. वजा १५ ही त्या वर्षी लीड्सच्या स्टँडमध्ये लाजेची नव्हे, मिरवायची गोष्ट झाली होती.

ल्युटन टाउनचं प्रकरण मात्र वेगळ्याच पातळीवरचं. २००८-०९ च्या हंगामात त्यांच्या खात्यात वजा ३० गुण होते. एजंटांना आडवाटेने पैसे दिल्याबद्दल एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, १० कापले, तडजोडीशिवाय अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधून बाहेर पडल्याबद्दल लीगने २०. हे सगळं जुन्या मालकांच्या काळातलं, आणि शिक्षा भोगणारे नवे मालक मुळात क्लब वाचवायला पुढे आलेले. संघाने मैदानावर ५६ गुण कमावले, तक्त्यात उरले २६. कपातीशिवाय ते सहज वाचले असते. त्याच हंगामात ५ एप्रिल २००९ रोजी ल्युटन वेम्बलीवर जॉनस्टोन्स पेंट ट्रॉफीचा अंतिम सामना खेळलं आणि स्कनथॉर्पला ३-२ ने हरवून जिंकलं. ल्युटनचे सुमारे ४० हजार लोक आले होते. ट्रॉफीच्या वेळी फुटबॉल लीगचे अध्यक्ष लॉर्ड मॉव्हिनी मैदानात आले, तर त्या गर्दीने त्यांची जी हुर्यो उडवली ती आजही लोकांच्या लक्षात आहे. काही आठवड्यांत क्लब फुटबॉल लीगमधूनच बाहेर पडला.

आता नफा-तोट्याच्या नियमांकडे येऊ, कारण एव्हर्टन तिथे अडकलं. प्रीमियर लीग म्हणजे तिचे २० क्लबच. नियम तेच मतदानाने करतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये १३ विरुद्ध ६ मतांनी ठरलं की तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंड तोटा चालेल. (तटस्थ राहिलेला एकमेव क्लब रेडिंग होता. त्याच्या नशिबात पुढे काय होतं ते खाली येईलच.) मर्यादा वर्षाला साडेतीन कोटी, पण खालच्या डिव्हिजनमध्ये काढलेल्या वर्षाला फक्त १ कोटी ३० लाख. म्हणूनच पुढे याच नियमात अडकलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टची मर्यादा ६ कोटी १० लाख निघाली: दोन वर्षं खालची, एक वरचं. अकादमी, महिला संघ, समाजकार्य आणि स्टेडियमचा ठरावीक खर्च तोट्यातून वजा होतो.

घोळ होतो तो खेळाडूंच्या हिशोबात. ५ कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर वर्षाला १ कोटीच खर्ची पडतात. स्वस्त वाटतं, म्हणून आणखी चार घेतले जातात, आणि तिसऱ्या वर्षी सगळे हप्ते एकदम अंगावर येतात. उलट अकादमीतून आलेला मुलगा विकला तर पूर्ण रक्कम नफा. त्यामुळे ३० जूनला, म्हणजे हिशोबाचं वर्ष संपताना, घरचीच पोरं बाजारात निघतात. ती तारीख चुकवली की काय होतं हे फॉरेस्टने पाहिलं. ब्रेनन जॉन्सन त्यांनी १ सप्टेंबर २०२३ ला ४ कोटी ७५ लाखांना विकला. थांबल्यामुळे जास्त किंमत आली, असा त्यांचा युक्तिवाद होता. आयोगाने तो मानला नाही. मर्यादा ३ कोटी ४५ लाखांनी ओलांडली होती. सहकार्य केल्याची सूट धरून ४ गुण गेले.

एव्हर्टनचा तोटा १२ कोटी ४५ लाख निघाला, म्हणजे १ कोटी ९५ लाख जास्त. युक्रेनच्या युद्धानंतर रशियन उद्योगपती अलिशेर उस्मानोव्ह यांच्या कंपनीची प्रायोजकी बंद झाली, कोव्हिडमध्ये खेळाडूंना गिऱ्हाईक उरलं नाही, ब्रॅमली-मूर डॉकच्या नव्या स्टेडियमसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज तोट्यात धरू नये, असं क्लबचं म्हणणं होतं. कर्जं स्टेडियमसाठीच होती हे आयोगाला पटलं नाही. सुनावणीआधी लीगने शिक्षेचं एक सूत्र पुढे केलं होतं: सरसकट ६ गुण, शिवाय दर ५० लाख पौंडांच्या उल्लंघनाला एक. आयोगाने सूत्र नाकारलं आणि तरीही १० चाच आकडा दिला. गणित करून पाहा, सूत्रानेही ९.९, म्हणजे जवळपास १० च येतात. गुलाबी कार्डांवरच्या त्या शब्दाचा जन्म इथे झाला. ‘करप्ट’ म्हणजे कोणी लाच खाल्ली असं बहुतेकांना म्हणायचं नव्हतं. दरपत्रक नसताना दर लावला गेला, हा आक्षेप होता. त्यात मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये ठेवलेल्या ११५ आरोपांची सुनावणी तेव्हा सुरूही झाली नव्हती (ती सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली). एक आरोप, लगेच निकाल. एकशे पंधरा, तारीख नाही. ही तुलना थोडी भाबडी आहे, कारण मर्यादा ओलांडल्याचं एव्हर्टनने कबूल केलं होतं, आणि कबूल केलेला खटला लवकर संपतोच. पण स्टँडमध्ये ती चालते.

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी अपिलात १० चे ६ झाले. क्लबने सद्भावनेने वागणूक ठेवली नाही हा ठपका चुकीचा होता आणि इतर लीगमधल्या शिक्षांशी तुलना करायला हवी होती, असं अपील मंडळाने म्हटलं. म्हणजे कार्डं उंचावणाऱ्यांचा मूळ मुद्दा अर्धा तरी मान्य झाला. ८ एप्रिलला पुढच्या हिशोबासाठी आणखी २ गुण गेले. शेवटी एव्हर्टन ४० गुणांवर पंधरावा आणि फॉरेस्ट ३२ गुणांवर सतरावा राहिला. दोघेही वाचले, खाली गेलेल्यांत होतं ते, दरम्यान वरपर्यंत चढलेलं, तेच ल्युटन, २६ गुणांवर.

राग कुणावर निघतो हे बरंचसं शिक्षेच्या रचनेवर ठरतं. रेडिंगमध्ये तो लीगवर नाही, तेव्हाचे मालक दाई योंगगे यांच्यावर निघाला, कारण पहिली कपात तोट्याची मर्यादा ओलांडल्याची असली तरी नंतरचे गुण गेले ते पगार आणि कर वेळेवर न भरल्यामुळे, ठरलेल्या योजनेचे टप्पे चुकवल्यामुळे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६, एप्रिल २०२३ मध्ये ६, ऑगस्टमध्ये १, सप्टेंबरमध्ये ३. बेरीज १६. म्हणून निषेध ठरला सोळाव्या मिनिटाला: आधी टेनिसचे चेंडू मैदानात, मग १३ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट व्हेलविरुद्ध शेकडो लोक स्वतःच मैदानात. सामना रद्द झाला. पुढच्या महिन्यात आणखी २ गुण गेले.

इटलीत तिसरीच तऱ्हा. खेळाडूंच्या व्यवहारात किमती फुगवून नफा दाखवल्याबद्दल २० जानेवारी २०२३ ला युव्हेंटसचे १५ गुण गेले, तेव्हा पाठीराख्यांनी सामने दाखवणाऱ्या स्काय आणि डझोन (DAZN) यांची वर्गणी बंद करायला सुरुवात केली. लीगला दुखतं ते टीव्हीच्या पैशात, हे त्यांनी ओळखलं होतं. एप्रिलमध्ये गुण परत आले, मे महिन्यात १० पुन्हा गेले.

नुसता पैशाचा दंड असला तर स्टँड सहसा हलत नाही. २००७ मध्ये कार्लोस तेव्हेझ या खेळाडूच्या करारातल्या नियमभंगाबद्दल वेस्ट हॅमला ५५ लाख पौंड दंड झाला, गुण शाबूत राहिले. रागावले ते खाली गेलेल्या शेफिल्ड युनायटेडचे लोक. आपल्याकडे केरळ ब्लास्टर्सला ३ मार्च २०२३ च्या बेंगळुरूमधल्या प्ले-ऑफमधून मैदान सोडल्याबद्दल ४ कोटी रुपयांचा दंड झाला. तिथे हिशोबाचा प्रश्नच नव्हता, सुनील छेत्रीच्या फ्री किकचा होता, आणि राग पंचांवरच राहिला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी तोट्याचा नियम मोडीत काढून २०२६-२७ पासून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचं ठरवलं. या मर्यादेच्याही वर आखलेली दुसरी, ‘लाल’ रेषा ओलांडली तर शिक्षा आता छापील आहे: सरसकट ६ गुण, शिवाय दर ६५ लाख पौंडांना एक. मोजमाप वेगळं असल्याने जुनं प्रकरण त्यात नेमकं बसवता येत नाही. नुसत्या आकड्यांवर बसवलंच, तर एव्हर्टनचे १ कोटी ९५ लाख भागिले ६५ लाख, म्हणजे ३, एकूण ९. अपिलानंतर उरलेल्या सहापेक्षा तीन जास्त.