बग म्हणजे किडा, पण कुठला?

दर सप्टेंबरात तो फॉरवर्ड येतोच. ९ सप्टेंबर १९४७ला हार्वर्डच्या मार्क-२ संगणकात पतंग अडकला, म्हणून प्रोग्राममधल्या चुकीला ‘बग’ म्हणतात. पतंग खरा आहे. रिले (विजेवर चालणारा स्विच) नंबर ७० मध्ये तो सापडला आणि नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला गेला. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. खोटं आहे ते फक्त ‘म्हणून’. थॉमस एडिसनने १८७८च्या पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना बग म्हटलंय. तेव्हा संगणक सोडाच, त्याचा स्वतःचा दिवाही पेटायचा होता.

१५३५च्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलात तर हा शब्द रात्री भीती दाखवणाऱ्या भुताखेतांसाठी आलाय, आपल्या बागुलबुवासारखा. (आता ‘बग’ हा मूळचा आपलाच, असा शोध कुणी लावायच्या आत सांगतो: आवाज जुळला म्हणजे नातं जुळत नाही.) कीटकशास्त्रज्ञांचा बग आणखी निराळा. सोंड खुपसून रस शोषणाऱ्या अर्धपंखी गटालाच ते खरे बग मानतात. ढेकूण, मावा, आंब्यावरचे तुडतुडे हे बग. झुरळ आणि मुंगी नाहीत. शिवाय हेरांनी खोलीत लपवलेला मायक्रोफोन, तोही बगच.

एवढे अर्थ एका शब्दात कोंबलेले असताना ऐकणाऱ्याचा गोंधळ कसा होत नाही? संदर्भावरून कळतं, हे उत्तर कुणीही देईल. पण संदर्भ नेमका कधी कामाला येतो, शब्द कानावर पडायच्या आधी की नंतर? मला हा प्रश्न भारी आवडतो, कारण तो मोजून सोडवता आला.

डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने १९७९मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा. माणसाच्या कानावर हेडफोन, समोर पडदा. कानात गोष्ट चाललीय: त्या माणसाला खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर ‘बग्ज’ सापडले. संदर्भ इतका उघड की मायक्रोफोन मनात यायचं कारणच नाही. ‘बग्ज’ उच्चारून संपतो त्याच क्षणी पडद्यावर अक्षरं उमटतात, आणि हा खरा शब्द आहे की नाही, एवढंच बटण दाबून सांगायचं. कधी तिथे ‘मुंगी’साठीचा इंग्रजी शब्द येई, कधी ‘हेर’साठीचा, कधी संबंध नसलेला ‘शिवणे’. मुंगीला बटण ‘शिवणे’पेक्षा लवकर दाबलं गेलं, यात नवल नाही; मनात जागा असलेल्या अर्थाशी नातं असलेला शब्द लवकर ओळखू येतो. पण हेरालाही लवकरच दाबलं गेलं! म्हणजे झुरळांची गोष्ट ऐकतानाही मेंदूत मायक्रोफोन जागा झाला होता.

मग स्विनीने पडद्यावरचा शब्द जरा उशिरा दाखवला, गोष्ट आणखी तीन अक्षरं पुढे सरकल्यावर. आता फक्त मुंगीच वेगात. हेर गायब. दोन्ही अर्थ आधी उठतात, संदर्भ मागाहून येऊन एकाला झोपवतो, आणि हे सगळं सेकंदभरात. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

पुढे कीथ रेनर आणि सुझन डफी या मानसशास्त्रज्ञांनी वाचकांच्या डोळ्यांची हालचाल मोजली तेव्हा यात एक मेख निघाली. दोन्ही अर्थ सारखेच वापरातले असतील आणि आधीचा मजकूर काही सुचवत नसेल, तर नजर त्या शब्दावर जास्त रेंगाळते. एक अर्थ फार वापरातला असेल तर रेंगाळत नाही. पण आधीच्या मजकुराने कमी वापरातला अर्थ सुचवला, की तो उचलला जाऊन नेहमीच्या अर्थाच्या बरोबरीला येतो आणि नजर पुन्हा अडखळते. म्हणजे संदर्भ आधीही थोडं काम करतो, पण बलवान अर्थाला दाराबाहेर ठेवायची ताकद त्याच्यात नाही.

हे वाचून मी त्या नोंदवहीकडे पुन्हा पाहिलं. दुपारी ३.४५ची नोंद, पतंग चिकटवलेला, आणि खाली कुणीतरी लिहिलंय: बग प्रत्यक्ष सापडल्याची पहिलीच घटना. ‘प्रत्यक्ष’ हा शब्द तिथे आहे, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी दोन्ही बग जागे होते आणि त्याने एकालाही झोपू दिलं नाही.