मायकेल लाउड्रप

मायकेल लाउड्रप : (१५ जून १९६४ – ). डॅनिश फुटबॉलपटू व प्रशिक्षक. आक्रमक मध्यरक्षक म्हणून १९८१ ते १९९८ या काळात तो डेन्मार्क, इटली, स्पेन, जपान आणि नेदरलँड्स या पाच देशांतल्या आठ क्लबांकडून खेळला. डेन्मार्कसाठी १०४ सामने, ३७ गोल. त्यांतल्या २८ सामन्यांत कर्णधारपद. बार्सिलोनाकडून सलग चार वेळा आणि लगेच पुढच्या वर्षी रेआल माद्रिदकडून पाचव्यांदा त्याने स्पॅनिश लीग जिंकली. डेन्मार्कने १९९२ मध्ये युरोपचे अजिंक्यपद पटकावले, त्या संघात मात्र देशातला हा सर्वांत गुणी खेळाडू नव्हता. डॅनिश लोक त्याच्या नावाचा उच्चार ‘मिकेल’च्या जवळपास करतात, आपल्याकडे इंग्रजी समालोचनामुळे ‘मायकेल’ रुळले आहे.

जन्म कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गचा. घरात फुटबॉल आधीपासूनच होता. वडील फिन लाउड्रप डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघातून खेळले. मामा एबे स्कोव्हडाल पुढे ब्रोंडबी क्लबचे प्रशिक्षक झाले. त्या काळी डेन्मार्कमध्ये फुटबॉल हौशी होता. देशात पैसे घेऊन खेळायला १९७८ पर्यंत परवानगी नव्हती, त्यामुळे पायात कसब असलेला माणूस परदेशाची वाट धरी. फिनही सहकुटुंब व्हिएन्नाला गेले. धाकटा भाऊ ब्रायन १९६९ मध्ये तिथेच जन्मला. क्लब बदलला की बिऱ्हाड हलवायचे, हे मायकेलने लहानपणीच पाहिले होते.

कोपनहेगनच्या केबी क्लबकडून १९८१ मध्ये तो वरिष्ठ फुटबॉल खेळू लागला आणि पुढच्याच वर्षी ब्रोंडबीकडे गेला. ब्रोंडबीचा तो वरच्या श्रेणीतला पहिलाच हंगाम. सतरा-अठरा वर्षांच्या या पोराने त्यात १५ गोल केले आणि तो डेन्मार्कचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. राष्ट्रीय संघातले पदार्पण १५ जून १९८२ रोजी नॉर्वेविरुद्ध, नेमके अठराव्या वाढदिवशी. सामना डेन्मार्क हरला, पण संघाचा एकमेव गोल याचाच होता.

युरोपातले मोठे क्लब मागे लागले. लिव्हरपूलशी बोलणी जवळजवळ पक्की झाली होती, पण कराराची मुदत वाढवण्यावरून ती फिसकटली. १९८३ मध्ये इटलीतल्या तुरिन शहराच्या युव्हेन्टस क्लबने त्याला विकत घेतले. इथे एक अडचण होती आणि ती त्याच्या कारकिर्दीत पुन्हा येणार होती. इटलीत तेव्हा प्रत्येक क्लबला दोनच परदेशी खेळाडू ठेवता येत. युव्हेन्टसकडे फ्रान्सचा प्लातिनी आणि पोलंडचा बोनिएक हे दोघे होते. तिसऱ्याला जागा नव्हती. म्हणून मालक तुरिनचा आणि चाकरी रोमची, अशा अवस्थेत लाउड्रपला रोमच्या लाझिओ क्लबला उसना दिले गेले. लाझिओ तेव्हा धडपडणारा संघ होता. दोन वर्षे तो तिथे खेळला आणि दुसऱ्या हंगामाअखेर, १९८५ मध्ये, संघ खालच्या श्रेणीत घसरला.

त्याच उन्हाळ्यात बोनिएक रोमा क्लबकडे गेला आणि युव्हेन्टसमधली एक खुर्ची रिकामी झाली. लाउड्रप तिथे परतला आणि पहिलाच हंगाम सुफळ ठरला. डिसेंबर १९८५ मध्ये टोकियोत अर्जेंटिनोस ज्युनियर्सविरुद्ध आंतरखंडीय चषकाचा सामना झाला. युव्हेन्टस १–२ असा मागे असताना गोलरक्षकाला चकवून जवळजवळ गोलरेषेवरून, अशक्य वाटणाऱ्या कोनातून लाउड्रपने बरोबरी साधली आणि संघाने पेनल्टींवर चषक नेला. १९८६ मध्ये इटालियन लीगही मिळाली. पण १९८७ मध्ये प्लातिनी निवृत्त झाला आणि क्लबला उतरती कळा लागली. प्लातिनीची गादी हा चालवील अशी अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. प्लातिनीचेच मत असे, की याच्याकडे सगळे आहे, स्वार्थीपणा तेवढा नाही. समोर गोल मोकळा असतानाही हा शेजारच्याला चेंडू देई. इटलीतल्या त्या काळच्या बचावात्मक, एक-शून्यावर समाधान मानणाऱ्या खेळात अशा माणसाची किंमत कमीच होणार.

ती किंमत स्पेनमध्ये वसूल झाली. १९८९ मध्ये बार्सिलोनाचा डच प्रशिक्षक योहान क्रायफ याने त्याला तिथे नेले. क्रायफ तिथे रचत असलेल्या संघाला पुढे ‘ड्रीम टीम’ हे नाव पडले. मागून कूमन आणि ग्वार्दिओला चेंडू पुढे सरकवत, समोर स्टॉइच्कोव्ह मोकाट सुटलेला असे आणि या दोन टोकांमध्ये लाउड्रप. १९९० चा स्पॅनिश चषक, मग १९९१ ते १९९४ सलग चार लीग, आणि २० मे १९९२ रोजी वेम्ब्लीवर इटलीच्या सांपदोरियाविरुद्ध १–० असा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च चषक. तो गोल जादा वेळेत कूमनच्या फ्री किकवर आला. क्लबच्या इतिहासातला हा पहिलाच युरोपियन कप होता.

त्याच्या खेळाबद्दल दोन गोष्टी सविस्तर सांगायला हव्यात. पहिली, न बघता दिलेला पास. चेंडू पायात घेऊन तो डावीकडे बघे, खांदे डावीकडे वळवी, बचावपटू त्या बाजूला झुकत आणि चेंडू उजवीकडे निघून गेलेला असे. यात नुसती नजरेची फसवणूक नव्हती. कोण कुठे धावतो आहे हे त्याने चेंडू पायाशी येण्यापूर्वीच टिपून ठेवलेले असे, म्हणून ऐन वेळी बघण्याची गरज पडत नसे. बचावफळीच्या डोक्यावरून चवड्याने अलगद उचललेला चेंडू हे त्याचेच भावंड. पलीकडे पोचेपर्यंत एखादा सहकारी त्याखाली हजर असायचा. दुसरी गोष्ट स्पेनमध्ये ‘क्रोकेटा’ म्हणून ओळखली जाते. अडवणारा अंगावर आला की एका पायाच्या आतल्या बाजूने चेंडू दुसऱ्या पायाकडे झटकायचा आणि त्याच दमात दुसऱ्या पायाने पुढे ढकलायचा. दोन स्पर्श, मध्ये उसंत नाही. वेगापेक्षा वेळ साधण्यावर हे सारे अवलंबून असते. नंतरच्या पिढीत आंद्रेस इनिएस्ताने हीच युक्ती इतकी घोटली की नव्या प्रेक्षकांना ती त्याचीच वाटते. लाउड्रपला पळताना पाहिले की घाई कुणालातरी दुसऱ्यालाच आहे असे वाटे. क्रायफची तक्रार नेमकी याच निवांतपणाबद्दल होती. हा सगळा जीव ओतत नाही, असे तो उघड बोलून दाखवी.

१९९३ मध्ये बार्सिलोनाने ब्राझीलचा रोमारिओ आणला आणि जुने गणित पुन्हा पुढे आले. कूमन, स्टॉइच्कोव्ह, रोमारिओ आणि लाउड्रप असे चार परदेशी; मैदानावर परवानगी तिघांना. कूमनवर बचाव उभा होता, उरलेले दोघे गोल करत होते. दर आठवड्याला एकाला बसावे लागे आणि बऱ्याचदा ती पाळी लाउड्रपची असे. १८ मे १९९४ रोजी अथेन्समध्ये चॅम्पियन्स लीगची (युरोपियन कपचे हे नवे नाव) अंतिम लढत मिलानशी होती. लाउड्रपला राखीव बाकावरही जागा मिळाली नाही. बार्सिलोना ४–० असा चिरडला गेला. मिलानचा प्रशिक्षक कापेलो याने नंतर सांगितले की त्याला धास्ती होती ती लाउड्रपचीच, आणि यादीत त्याचे नाव नाही हे कळताच तो निश्चिंत झाला. दीडच वर्षाने, डिसेंबर १९९५ मध्ये, युरोपीय न्यायालयाच्या बोस्मान निकालाने युरोपीय संघातल्या खेळाडूंवरची ही मर्यादा निकालात काढली. लाउड्रप तोवर एकतिशी ओलांडून गेला होता. पंधरा वर्षे उशिरा जन्मला असता तर लाझिओचा मुक्काम आणि अथेन्सची रात्र दोन्ही टळले असते.

करार संपताच तो थेट रेआल माद्रिदला गेला. बार्सिलोना सोडून माद्रिदला जाणे म्हणजे भांडणाऱ्या दोन भावकींपैकी एकीचे घर सोडून दुसरीच्या पंगतीला बसणे. याला आणखी एक गंमतीची किनार आहे. १९९२ आणि १९९३ मध्ये बार्सिलोनाने लीग शेवटच्या दिवशी जिंकली, ती दोन्ही वेळा माद्रिदला टेनेरिफेने हरवल्यामुळे. आणि टेनेरिफेचा प्रशिक्षक होता होर्हे वाल्दानो. तोच वाल्दानो १९९४ मध्ये माद्रिदचा प्रशिक्षक होऊन आला. म्हणजे ज्यांनी माद्रिदच्या तोंडचा घास काढला होता, त्यांतले दोघे आता माद्रिदच्याच ताटात वाढू लागले. ८ जानेवारी १९९४ रोजी बार्सिलोनाने माद्रिदला ५–० ने हरवले तेव्हा लाउड्रप बार्सिलोनात होता. बरोबर वर्षाने, ७ जानेवारी १९९५ रोजी, माद्रिदने बार्सिलोनाला ५–० ने परतफेड केली तेव्हा तो माद्रिदच्या पांढऱ्या कपड्यात होता. माद्रिदच्या सामोरानोने त्या रात्री तीन गोल केले. माद्रिदने लीग जिंकली आणि लाउड्रपची सलग पाच विजेतेपदे दोन हाडवैरी क्लबांत मिळून पुरी झाली.

राष्ट्रीय संघातली गोष्ट निराळी आणि जास्त दुखरी आहे. जर्मन प्रशिक्षक झेप पिऑन्टेकच्या हाताखाली डेन्मार्कने १९८४ च्या युरोत, म्हणजे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत, उपांत्य फेरी गाठली आणि स्पेनशी पेनल्टींवर हार खाल्ली. १९८६ चा मेक्सिको विश्वचषक हा डेन्मार्कचा पहिलाच. तिथे स्कॉटलंड, पश्चिम जर्मनी आणि मधे उरुग्वे अशा तिघांना त्यांनी गटात हरवले. उरुग्वेविरुद्धच्या ६–१ या निकालाचा विषय अजून निघतो. त्यात एल्केअरने तीन गोल केले आणि लाउड्रपने बचावपटूंना, मग गोलरक्षकालाही वळसा घालून एक. ‘डॅनिश डायनामाइट’ हे नाव तेव्हा सर्वतोमुखी झाले. पुढच्याच सामन्यात स्पेनने त्यांना ५–१ ने उडवले, चार गोल एकट्या बुत्राग्वेन्योचे. ज्या देशात लाउड्रपचे नाव सर्वांत मोठे झाले, तोच देश त्याच्या राष्ट्रीय संघाच्या वाटेत पुन्हा पुन्हा आडवा आला.

पिऑन्टेकनंतर आलेले रिचर्ड मोलर निल्सन सावध, बचावाला धरून खेळवणारे प्रशिक्षक होते. नोव्हेंबर १९९० मध्ये घरच्या मैदानावर युगोस्लाव्हियाकडून हार झाली आणि लाउड्रप बंधूंनी संघ सोडला. १९९२ च्या युरोच्या पात्रता गटात युगोस्लाव्हिया पहिला आला, डेन्मार्क दुसरा. विषय संपला होता. पण १९९२ मध्ये युद्धामुळे संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले आणि स्पर्धेच्या तोंडावर डेन्मार्कला बोलावणे आले. ब्रायन त्याआधीच समेट करून परतला होता. मायकेल परतला नाही. २६ जून १९९२ रोजी योटेबोर्गमध्ये डेन्मार्कने जर्मनीला २–० ने हरवून युरो जिंकली, आणि धाकट्याच्या गळ्यात पदक पडले. थोरल्याचा निर्णय चुकला असे म्हणणे सोपे आहे. त्याचा आक्षेप खेळाच्या पद्धतीवर होता, निकालावर नव्हता, हे मात्र विसरू नये.

१९९३ मध्ये तो परतला. नोव्हेंबरमध्ये सेव्हियात विश्वचषक पात्रतेचा निर्णायक सामना होता आणि समोर पुन्हा स्पेन. सुरुवातीलाच लाउड्रपला पाडल्याबद्दल स्पेनचा गोलरक्षक झुबिझारेता, म्हणजे त्याचाच बार्सिलोनातला सहकारी, लाल कार्ड खाऊन बाहेर गेला. दहा जणांचा स्पेन तरीही १–० ने जिंकला आणि डेन्मार्कचा अमेरिकेतला विश्वचषक हुकला. १९९५ मध्ये सौदी अरेबियात अर्जेंटिनाला हरवून जिंकलेला किंग फाहद चषक हे डेन्मार्कच्या पोशाखातले त्याचे एकमेव मोठे यश. अंतिम सामन्यातली पेनल्टी त्यानेच मारली.

माद्रिदनंतर १९९६ मध्ये तो जपानला व्हिसेल कोबे क्लबकडे गेला. बत्तिशीतला नावाजलेला खेळाडू पैसे मिळवायला दूर गेला, एवढेच युरोपला दिसले. या क्लबचा पहिला सराव ठरला होता १७ जानेवारी १९९५ रोजी, आणि त्याच पहाटे भूकंपाने कोबे शहर उद्ध्वस्त झाले. लाउड्रप आला तेव्हा संघ दुय्यम श्रेणीत होता. त्या हंगामाअखेर तो जे लीगमध्ये चढला. मग १९९७–९८ चा एक हंगाम नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबमध्ये. प्रशिक्षक होता मोर्तेन ओल्सेन, त्याचा डेन्मार्कचा जुना कर्णधार. लीग आणि डच चषक दोन्ही मिळाले. चषकाच्या अंतिम सामन्यात पीएसव्ही ५–० ने हरला.

शेवट १९९८ च्या फ्रान्स विश्वचषकात झाला. बाद फेरीत नायजेरियाला ४–१ ने हरवताना बदली खेळाडू एबे सांद मैदानात उतरून अर्धे मिनिटही झाले नव्हते, तोच लाउड्रपच्या उचललेल्या पासवर त्याने गोल केला. उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलने ३–२ ने रोखले. त्या सामन्यानंतर दोघे भाऊ राष्ट्रीय संघातून निवृत्त झाले. मायकेलने तर खेळच थांबवला.

प्रशिक्षक म्हणूनही तो एका जागी फार टिकला नाही. ब्रोंडबीला त्याने २००५ मध्ये लीग आणि चषक मिळवून दिले. तिथला त्याचा सहायक जॉन येन्सन हा १९९२ च्या युरोच्या अंतिम सामन्यात गोल करणारा. माद्रिदच्या उपनगरातल्या हेताफेला त्याने २००८ मध्ये स्पॅनिश चषकाच्या अंतिम फेरीत नेले आणि युएफा चषकात बायर्न म्युनिकला शेवटच्या मिनिटांपर्यंत झुंजवले. मॉस्कोच्या स्पार्ताकमध्ये वर्षही पुरे झाले नाही, मग मायोर्का. वेल्सच्या स्वान्सीने शंभराव्या वर्षी, २४ फेब्रुवारी २०१३ रोजी, वेम्ब्लीवर ब्रॅडफर्डला ५–० ने हरवून लीग चषक जिंकला, तो याच्याच हाताखाली. क्लबचे ते पहिले मोठे यश. वर्षभराच्या आत त्याला काढून टाकण्यात आले. त्यानंतर कतारमध्ये लेखविया क्लबसह एक लीग विजेतेपद आणि २०१८ पर्यंत अल रय्यान. पुढे तो डॅनिश दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा विश्लेषक म्हणून दिसू लागला.