लसूणघासाची शीतसहिष्णुता

जमीन गोठवणारा हिवाळा काढून वसंतात पुन्हा फुटण्याची लसूणघासाची (मेडिकागो सटायव्हा) क्षमता. कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग, रशिया या भागांत घास किती वर्षे टिकेल हे बरेचसे तिच्यावर ठरते.

हिवाळ्यात वरचा पाला मरतो. जगायचे असते ते सोटमूळ आणि त्याच्या माथ्यावरचे कोंब. रोप कोवळे असतानाच बीजदलांखालचा दांडा आखडतो आणि पहिले पेर मातीखाली ओढले जाते. काटक वाणांत हा माथा अधिक खोल व पसरट असतो. वर बर्फाचा थर असला तर तोच पांघरूण ठरतो. ओल्या, भारी जमिनीत मात्र वेगळाच धोका. माती गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि सोटमूळ हळूहळू वर ढकलले जाते. माथा उघडा पडतो, कधी मूळच तुटते. फांद्या फुटलेली मुळे असलेले वाण इथे जास्त तग धरतात.

शरदात दिवस लहान होऊ लागले, की मुळांतल्या स्टार्चचा काही भाग साखरेत बदलतो. सुक्रोजबरोबर रॅफिनोज व स्टॅकिओज या साखराही साचतात, आणि काटकपणाशी या दोघांचे नाते विशेष जवळचे आढळते. मुळांत साठवलेली प्रथिने वसंतातल्या फुटव्यांच्या कामी येतात. कडाक्याची थंडी पडण्याच्या तोंडावर कापणी केली, तर नव्या फुटव्यांपायी ही शिदोरी संपते.

शरदात वाढ आवरती घेण्याच्या गुणाला शरद-सुप्तता म्हणतात. उत्तर अमेरिकेत ती १ ते ११ अशा श्रेणीत मोजतात. १ म्हणजे सर्वांत सुप्त. कापणीनंतर शरदात झाड किती उंच वाढले, हीच कसोटी. सुप्त वाण तोच काटक, असे बराच काळ मानले जाई. ते अर्धेच खरे आहे: दोन्ही गुण बहुधा एकत्र दिसतात, पण पैदासकारांनी ते काही प्रमाणात वेगळे केले असून उशिरापर्यंत वाढणारे, तरीही काटक वाण आता मिळतात. महाराष्ट्रातल्या घासाला सुप्तता परवडणारीच नाही; राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या आरएल-८८ सारख्या बहुवर्षायू वाणाकडून वर्षभर कापण्या हव्या असतात.

काटकपणाचा मोठा स्रोत म्हणजे पिवळ्या फुलांची, सायबेरियापर्यंत आढळणारी फाल्काटा ही उपजाती. जर्मनीतील बाडेनहून वेंडेलिन ग्रिम या शेतकऱ्याने १८५७ मध्ये मिनेसोटात आणलेल्या बियाण्यातही तिचा अंश होता. दर हिवाळ्यात बरीच झाडे मरत. उरलेल्यांचे बी तो पुन्हा पेरी. अशा निवडीतून ‘ग्रिम’ हा वाण तयार झाला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात पसरला.