काँग्लोमरेट हा शब्द खडकातून बाजारात कसा आला

एकमेकांशी संबंध नसलेले अनेक धंदे एकाच मालकीखाली चालवणाऱ्या कंपनीसमूहाला अर्थविषयक बातम्यांत ‘काँग्लोमरेट’ म्हणतात. भूशास्त्रात हेच एका खडकाचं नाव आहे. मराठीत त्याला पिंडाश्म म्हणतात. शब्दाचं मूळ लॅटिन ‘ग्लोमस’, म्हणजे सुताचा गुंडा. (मूत्रपिंडातल्या केशवाहिन्यांच्या झुपक्याला ग्लोमेरुलस म्हणतात, तोही याच घराण्यातला.) इंग्रजीत सोळाव्या शतकात हे विशेषण म्हणून आलं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडकाचं नाव झालं आणि कंपन्यांना चिकटलं ते थेट १९६०च्या दशकात.

खडकापासून सुरुवात केलेली बरी, कारण धंद्यातला अर्थ तिथूनच उचललेला आहे. नदी किंवा समुद्राची लाट दगडांना घासत, लोळवत नेते आणि त्यांचे कोपरे झिजतात. २ मिलिमीटरपेक्षा मोठे असे गोल गोटे साचतात, मधल्या फटींत वाळू आणि गाळ भरतो, मग जमिनीत मुरणाऱ्या पाण्यातली सिलिका, कॅल्साइट किंवा लोहाची ऑक्साइडं हे सगळं सांधून टाकतात. गोट्यांऐवजी टोकदार तुकडे असतील तर तो पिंडाश्म नव्हे, कोणाश्म. हा फरक नुसता वर्गीकरणापुरता नाही. गोलाई म्हणजे लांबचा प्रवास. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी या यानाला मंगळावरच्या गेल विवरात गोल खडे असलेला पिंडाश्म दिसला आणि तिथे एके काळी ओढा वाहत होता हे त्यावरून ठरलं. वाऱ्याने एवढे मोठे खडे वाहून नेता येत नाहीत.

पिंडाश्म आणि पैसा यांची गाठ मात्र पृथ्वीवरच पडली, तीही जोहान्सबर्गजवळ. १८८६ मध्ये तिथे विटवॉटर्सरँडचं सोनं सापडलं. ते शिरांमध्ये नव्हतं, पिंडाश्माच्या थरांत होतं. पांढऱ्या गारगोट्या जडवलेला तो खडक पाहून डच भाषकांना बदामाची एक मिठाई आठवली आणि खाणकामगार त्याला ‘बँकेट’ म्हणू लागले. हे थर २७० कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यातलं सोनं प्राचीन नद्यांनी वाहून आणलं, की नंतर गरम द्रवांबरोबर खडकात शिरलं, यावर भूशास्त्रज्ञ शतकभर भांडले. जगात आजवर काढलेल्या सोन्यातला फार मोठा वाटा या एकाच खोऱ्यातला आहे, यावर मात्र दुमत नाही.

अडचण अशी की सोनं कणाकणाने विखुरलेलं, थर पातळ आणि जमिनीत तिरके खोल उतरत गेलेले. कुदळ-घमेलं घेऊन एकट्यादुकट्याने करायचं हे काम नव्हतं. खाणीत उतरणाऱ्या खोल विहिरी, सायनाइडने सोनं वेगळं करण्याची प्रक्रिया आणि वर्षानुवर्षं अडकून पडणारं भांडवल यांसाठी अनेक खाणींचा कारभार एकत्र पाहणारी ‘मायनिंग हाउसेस’ उभी राहिली. त्यातलं सर्वांत बलाढ्य ठरलेलं अँग्लो अमेरिकन हे अर्नेस्ट ओपनहायमर यांनी १९१७ मध्ये स्थापलं. १९६०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतून भांडवल बाहेर नेण्यावर कडक निर्बंध आले. खाणींचा पैसा देशातच गुंतवायचा तर कुठे? कंपनी पोलादात उतरली, १९६७ मध्ये मोंडी ही कागदकंपनी काढली, पुढे बँकेतही मोठा हिस्सा घेतला. पिंडाश्मातल्या सोन्यावर उभा राहिलेला समूह असा दुसऱ्या अर्थानेही काँग्लोमरेट झाला.

शब्दाला धंद्यातला अर्थ मिळाला तो मात्र अमेरिकेत. १९५०च्या सेलर-केफॉवर कायद्याने प्रतिस्पर्ध्याला किंवा आपल्याच पुरवठादाराला विकत घेणं अवघड केलं. वाढायचं तर अनोळखी धंद्यात शिरा, हाच मोकळा रस्ता उरला. कापड बनवणाऱ्या टेक्सट्रॉनने १९६० मध्ये बेल हेलिकॉप्टर घेतली आणि १९६३ पर्यंत कापडाचा धंदाच सोडला. मोटारींच्या बंपरपासून सुरुवात केलेल्या गल्फ अँड वेस्टर्नने १९६६ मध्ये पॅरामाउंट हा चित्रपट स्टुडिओ घेतला. हॅरल्ड जेनीन यांच्या काळात टेलिफोनवाल्या आयटीटीने भाड्याच्या मोटारी, शेरेटन हॉटेलं, पावरोटी आणि विमा असं सगळं गोळा केलं.

या खरेदीमागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. समजा, एका कंपनीचे ३० लाख शेअर आहेत, नफा ९० लाख डॉलर. म्हणजे शेअरमागे ३ डॉलर. बाजार तिला नफ्याच्या तीसपट भाव देतो, म्हणून शेअर ९० डॉलरला. दुसऱ्या कंपनीचा नफाही ९० लाखच, पण धंदा कंटाळवाणा, त्यामुळे भाव फक्त दहापट: एकूण किंमत ९ कोटी. पहिलीने नवे १० लाख शेअर देऊन दुसरी घेतली, की ४० लाख शेअरांमागे नफा १ कोटी ८० लाख, म्हणजे शेअरमागे साडेचार डॉलर. कारखान्यात एक खिळाही जास्त बनलेला नसताना शेअरमागचा नफा दीडपट दिसतो! बाजाराने याला वाढ समजून तीसपट भाव कायम ठेवला, तर शेअर १३५ डॉलरवर जातो आणि पुढची खरेदी आणखी स्वस्त पडते.

व्यवस्थापनाच्या कौशल्याबद्दल तेव्हा बरंच बोललं गेलं. माझ्या मते त्या समूहांना सांधणारं सिमेंट बहुतांशी शेअरचा चढा भावच होता. जानेवारी १९६८ मध्ये लिटन इंडस्ट्रीज या अशाच एका समूहाने नफा घटल्याचं जाहीर केलं आणि समूहांचे शेअर घसरू लागले. भाव पडला की वरचं गणित उलटं फिरतं. १९८०च्या दशकात तर असे समूह विकत घेऊन त्यांचे तुकडे विकणं हाच वेगळा धंदा झाला. आयटीटी १९९५ मध्ये तीन भागांत फुटली. मोंडी २००७ मध्ये अँग्लो अमेरिकनपासून वेगळी झाली. जनरल इलेक्ट्रिकची तीन कंपन्यांत विभागणी एप्रिल २०२४ मध्ये पूर्ण झाली. सुट्या धंद्यांच्या एकत्रित किमतीपेक्षा समूहाची किंमत बाजार कमी धरतो, त्याला आता ‘काँग्लोमरेट डिस्काउंट’ असं नावच आहे.

अपवादही आहेत. बर्कशायर हॅथवे मूळची कापडगिरणी. १९६५ मध्ये ती वॉरन बफे यांच्या ताब्यात आली आणि विमा, रेल्वे, वीज असे धंदे एकत्र ठेवून टिकली. तिथे पुढच्या खरेदीला पैसा पुरवला तो मुख्यतः विम्याच्या हप्त्यांनी, फुगवलेल्या शेअरनी नाही. कोरियातल्या चेबोलांना, म्हणजे तिथल्या बड्या उद्योगसमूहांना, मालकाचं घराणं बांधून ठेवतं.

आता हा शब्द कुठल्याही अवाढव्य कंपनीला लावतात, ते सैलच आहे. नुसत्या मोटारी बनवणारी कंपनी कितीही मोठी असली तरी काँग्लोमरेट नसते. ‘मीडिया काँग्लोमरेट’ हा प्रयोग सर्रास चालतो, पण वर्तमानपत्र, वाहिनी आणि स्टुडिओ हे तसे एकाच जातीचे गोटे.